कुंभार, वारूळ आणि ईश्वर

"मडकं आहे म्हणजे ते घडवणारा कुंभार असणारच. मग एवढं मोठं जग कोणी न घडवताच झालं?"

हा प्रश्न तुम्ही कधी ना कधी ऐकला असेल, कदाचित विचारलाही असेल. समोरचा एक तर गप्प बसतो, नाही तर 'मग देवाला कोणी घडवलं?' असं उलट विचारतो, आणि वाद तिथेच रुतून बसतो. दोघांचीही समजूत अशी, की एका बाजूला बुद्धी उभी आहे आणि दुसऱ्या बाजूला श्रद्धा. या वादाचा इतिहास चाळला तर मात्र माणसं भलत्याच ठिकाणी उभी असलेली सापडतात. ईश्वराच्या पुराव्यांची चिरफाड करणाऱ्यांत नास्तिक आहेतच. पण त्यातले काही नेमके घाव घालणारी माणसं आतबाहेर भक्त होती. स्वतःच्याच देवाचा पुरावा त्यांना का नकोसा झाला, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत चित्तवेधक कोडं वाटतं.

आधी मडक्याचा युक्तिवाद नीट पाहू. तो दिसतो तेवढा भाबडा नाही. भारतात त्याला घासूनपुसून धार लावली ती नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी. त्यांतला सर्वांत मोठा उदयनाचार्य, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपासचा. नैयायिकांचं मुख्य हत्यार अनुमान. डोंगरावर धूर दिसतो. आग दिसत नाही, तरी आपण 'तिथे आग आहे' असं ठामपणे म्हणतो. कशाच्या जोरावर? जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, हा संबंध आपण आधी वारंवार पाहिलेला असतो. या अतूट संबंधाला 'व्याप्ती' म्हणतात. व्याप्ती पक्की असेल तर अनुमान पक्कं, आणि ती ढिली असेल तर अनुमानही ढिलं.

आता हेच जगाला लावा. जे जे 'कार्य' असतं, म्हणजे आधी नसतं आणि मग घडतं, त्याला त्याला कोणीतरी बुद्धिमान कर्ता असतो, जसं मडकं. पृथ्वी, अंकुर, डोंगर ही कार्यं आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता आहे. आणि एवढं सगळं घडवायचं तर त्याला सगळ्याचं ज्ञान हवं, म्हणून तो सर्वज्ञ.

यावर उदयनाच्याही आधी, सातव्या शतकात, धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताने दिलेलं उत्तर तितकंच देखणं आहे. तो म्हणतो, मडकं मातीचं असतं आणि ते कुंभार घडवतो. वारूळही मातीचंच असतं. मग तेही कुंभाराने घडवलं म्हणायचं का?

नैयायिक इथे थांबत नाही. तो म्हणेल, आमचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, 'मातीचं असणं' हा नाही, 'कार्य असणं' हा आहे. धर्मकीर्तीचा खरा मुद्दा त्याच्याही पुढे जातो. मडकं 'कार्य' आहे आणि डोंगरही 'कार्य' आहे, या दोन वाक्यांत शब्द एकच आहे, पण वस्तू एकाच जातीच्या आहेत का? धूर करडा असतो. म्हणून कुठलीही करडी गोष्ट दिसली की आग लागल्याचं अनुमान काढता येईल का? मडकी घडताना आपण पाहिली आहेत, त्यामुळे नवं मडकं दिसलं की कुंभार आठवणं रास्त आहे. डोंगर घडवणारा मात्र आपल्यापैकी कोणी एकदाही पाहिलेला नाही. मग व्याप्ती आली कुठून? शब्द सारखा आहे म्हणून वस्तू सारखी समजायची, ही फसगत आजही निम्म्याअधिक वादांच्या मुळाशी असते, देवाच्या असोत की दुसऱ्या कशाच्या.

इथवर लढाई अपेक्षेप्रमाणे चालली आहे. ईश्वर मानणारा एकीकडे, न मानणारा दुसरीकडे. पण पुढे रामानुजाचार्य येतात.

रामानुज म्हणजे भक्तिमार्गाचा केवढा मोठा आधारस्तंभ, हे सांगायला नको. नारायणाला परब्रह्म मानणारा आणि शरणागती शिकवणारा हा आचार्य. ब्रह्मसूत्रांवरच्या, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथावरच्या भाष्यात त्यांनी नैयायिकांचा हाच युक्तिवाद समोर घेतला आणि त्याची एकेक वीट काढली. पृथ्वी-समुद्र ही कार्यं आहेत असं मानलं, तरी ती सगळी एकाच वेळी आणि एकाच कर्त्याने घडवली हे कशावरून? जगात तर वेगवेगळ्या वस्तू वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या हातांनी घडलेल्या दिसतात. शिवाय कुंभाराला शरीर असतं, त्याची शक्ती मर्यादित असते. कुंभारावरून ईश्वर काढायचा तर ईश्वराच्या गळ्यात शरीर आणि मर्यादाही बांधाव्या लागतील.

साधारण साडेसहाशे वर्षांनी स्कॉटलंडमधल्या डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने जवळपास हेच लिहिलं. जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग जग बांधणारे देव पुष्कळ का नसावेत? किंवा हे जग एखाद्या पोरसवदा देवाचा पहिलावहिला, फसलेला प्रयत्न कशावरून नाही? ह्यूम 1776 साली वारला आणि हे लिखाण 1779 मध्ये, त्याच्या पश्चात छापलं गेलं. ह्यूमला आपण संशयवादी म्हणून ओळखतो. त्याचा युक्तिवाद आणि रामानुजांचा युक्तिवाद शेजारी ठेवले आणि नावं झाकली, तर यातला भक्त कोणता हे ओळखणं सोपं जाणार नाही.

मग रामानुजांनी असं का केलं? तर्काने सिद्ध होणारा ईश्वर हा एक मोठा कारागीर असतो. कुंभाराची मोठी आवृत्ती. ज्याला शरण जायचं तो हा नव्हे, असं त्यांना दिसत होतं. ईश्वर कळतो तो श्रुतीतून, म्हणजे वेदवचनांतून, ही त्यांची भूमिका. अनुमानाच्या फुटपट्टीने त्याला मोजायला गेलं की तो फुटपट्टीएवढाच उरतो. श्रुतीवर विश्वास का ठेवायचा, हा पुढचा प्रश्न अर्थातच उभा राहतो, आणि तो काही लहान नाही. पण आपला पुरावा खोटं नाणं आहे हे स्वतःच्या पेढीवर बसून जाहीर करायला एक प्रकारचा प्रामाणिकपणा लागतो, एवढं मान्य करायला हवं.

कुमारिल भट्टाची गोष्ट याहून तिरपागडी. हा सातव्या शतकाच्या सुमाराचा मीमांसक, म्हणजे वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचा पंडित, वेदांचा कट्टर कैवारी. आणि त्याने सृष्टिकर्त्या ईश्वराची कल्पनाच उडवून लावली. सृष्टी निर्माण करण्यामागे त्या कर्त्याचा हेतू काय? हेतूवाचून तर मूर्ख माणूसही हात हलवत नाही. करुणेपोटी केली म्हणावं, तर सृष्टीआधी प्राणीच नव्हते, मग करुणा कोणावर? आणि करुणाच होती तर सगळे सुखीच का नाही निर्माण केले? हे सगळं लिहिणारा माणूस परंपरेच्या हिशेबात पक्का 'आस्तिक' होता. कारण दर्शनांच्या वर्गवारीत 'आस्तिक' म्हणजे वेद प्रमाण मानणारा, देव मानणारा नव्हे. आज आपण हे शब्द वेगळ्या अर्थाने वापरतो आणि मग जुन्या लोकांना आपल्या गटांत कोंबायला जातो.

युरोपातही माणसं अशीच अनपेक्षित जागी सापडतात. 1077-78 च्या सुमारास अ‍ॅन्सेल्म नावाच्या मठवासी संन्याशाने एक असा युक्तिवाद मांडला ज्यात ना मडकं आहे ना धूर. नुसत्या व्याख्येतून देव. देव म्हणजे ज्याच्याहून थोर काही कल्पिताच येत नाही असा. ही कल्पना तुम्हाला समजली ना? म्हणजे ती निदान तुमच्या मनात आहे. पण जो फक्त मनात आहे, त्याच्यापेक्षा मनात आणि वास्तवातही असणारा थोर. तेव्हा देव फक्त मनात असेल तर त्याच्याहून थोर काहीतरी कल्पिता येईल, आणि ते तर व्याख्येच्याच विरुद्ध. म्हणून देव वास्तवात आहे.

पहिल्यांदा वाचताना हे हातचलाखीसारखं वाटतं. दुसऱ्यांदाही वाटतं. चूक नेमकी कुठे, ते मात्र चटकन सांगता येत नाही, आणि म्हणून हा युक्तिवाद साडेनऊशे वर्षं टिकून आहे. विसाव्या शतकातल्या कुर्ट ग्योडेलसारख्या गणितज्ञालाही तो गणिती चिन्हांत बसवून पाहण्याचा मोह झाला.

यावर पहिला हल्ला कोणी केला? गाउनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवासी संन्याशाने. तो म्हणाला, सर्वांत उत्कृष्ट अशा एका हरवलेल्या बेटाची कल्पना करा. ते नुसतं मनात असेल तर सर्वोत्कृष्ट कसलं? म्हणजे ते समुद्रात कुठेतरी असलंच पाहिजे. तर मग होड्या काढा आणि शोधा! अ‍ॅन्सेल्मने उत्तर लिहिलं आणि गाउनिलोचा आक्षेप व आपलं उत्तर, दोन्ही मूळ लेखनाला जोडूनच नकलून घ्यावेत अशी व्यवस्था केली. म्हणजे पुरावा वाचणाऱ्याच्या हाती त्याचं खंडनही आपसूक पडावं.

या युक्तिवादाची नस पकडली ती जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने, 1781 मध्ये. 'असणं' हा गुण नाही, असं तो म्हणतो. कल्पनेतल्या शंभर थालरांत (थालर म्हणजे तेव्हाचं जर्मन नाणं) आणि खऱ्या शंभर थालरांत नाण्यांच्या वर्णनापुरता काडीचा फरक नसतो. दोन्हीकडे शंभरच. खिशात असणं-नसणं हा त्या वर्णनातला एकशे एकावा थालर नव्हे. म्हणून एखाद्या गोष्टीचं वर्णन कितीही परिपूर्ण करा, ती आहे की नाही हे त्या वर्णनातून पाझरून येणार नाही. कांटने बाकीचे प्रमुख पुरावेही असेच निकालात काढले आणि 1787 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत आपला हेतू सांगून टाकला: श्रद्धेला जागा करून देण्यासाठी मला ज्ञानाला बाजूला सारावं लागलं. पुराव्यांचा हा सर्वांत मोठा मारेकरी स्वतःला देवाच्या बाजूचा समजत होता.

आदिकारणाच्या युक्तिवादावर मी फार रेंगाळत नाही, कारण तो शेवटी एका आवडीनिवडीपाशी येऊन थांबतो. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, कारणांची साखळी मागे मागे जाते, तिला कुठेतरी पहिलं टोक हवं. 'मग देवाचं कारण काय?' हा झटपट प्रश्न वाटतो तितका जबरदस्त नाही. टॉमस अक्वायनस किंवा लायब्निट्स यांच्यासारखे तत्त्वज्ञ 'सगळ्याला कारण असतं' असं म्हणतच नव्हते. जे असूही शकलं असतं आणि नसूही शकलं असतं, त्याच्या असण्याला कारण हवं, असं त्यांचं म्हणणं. खरा प्रश्न असा, की सगळं मिळून जे विश्व आहे त्याला कारण हवंच का? 1948 साली बीबीसीवर तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि फ्रेडरिक कोपलस्टन हे पाद्री यांचा वाद झाला, तेव्हा रसेलने सरळ सांगितलं की विश्व आहे, बस, इतकंच. कोपलस्टनला हे प्रश्नापासून पळणं वाटलं. रसेलला तो प्रश्नच पोकळ वाटत होता. स्पष्टीकरणाची तहान कुठे थांबवायची, याचा नियम तर्काच्या पोथीत सापडत नाही.

इथेही एक भक्त उलट्या बाजूला उभा आहे. विश्वाची सुरुवात एका 'आद्य अणू'तून झाली ही कल्पना 1931 मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात विज्ञानाचा हा शोध आणि सृष्टीची निर्मिती यांची सांगड घातली. धर्मगुरूला यापेक्षा आनंदाची बातमी कोणती? पण लमेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नाच्या पूर्ण बाहेर आहे, अशी त्याची भूमिका होती. आज ज्या शोधाला देवाची खूण म्हणून मिरवायचं तो उद्या बदलला, तर देवाने काय करायचं? हा धोका काल्पनिक नाही. 1802 मध्ये विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूने घड्याळ आणि घड्याळजीचा दाखला देऊन डोळ्यासारख्या अवयवांची रचना देवाचा पुरावा म्हणून मांडली होती. 1859 मध्ये डार्विनने नैसर्गिक निवड समोर ठेवली आणि घड्याळजीवाचून घड्याळासारखं काहीतरी कसं घडत जातं, ते दाखवलं. ज्यांनी सगळी श्रद्धा त्या एका खुंटीला टांगली होती, त्यांची पंचाईत झाली.

देवाच्या विरोधात तर्काकडे सर्वांत वजनदार काय असेल, तर दुःख. कुमारिलाचा प्रश्न आपण पाहिलाच. देव सर्वशक्तिमान आहे आणि पूर्ण दयाळू आहे, तर एवढं दुःख का? याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर गोंधळ उडतो. पहिला म्हणतो, देव आणि दुःख एकत्र असणं अशक्यच, तो सरळ आत्मविरोध आहे. 1955 मध्ये जॉन मॅकी या तत्त्वज्ञाने हे जोरात मांडलं. 1974 मध्ये अ‍ॅल्व्हिन प्लँटिंगाने उत्तर दिलं, की माणसाला खरोखर स्वतंत्र ठेवायचं तर त्याला वाईट करण्याची मुभा द्यावीच लागते, तेव्हा निदान अशक्य तरी म्हणू नका. पुष्कळ नास्तिकांनीही हे उत्तर पुरेसं मानलं.

दुसरा प्रकार जास्त बोचरा. 1979 मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञाने एक उदाहरण दिलं. दूर कुठल्यातरी जंगलात वणवा पेटतो, त्यात हरणाचं एक पाडस भाजतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. कोणी पाहत नाही, कोणी त्यातून काही शिकत नाही, कोणाच्या स्वातंत्र्याचा संबंध नाही. रो 'देव अशक्य आहे' म्हणत नाही. तो म्हणतो, अशा गोष्टी पाहता देव नसण्याकडे पारडं झुकतं. यावर नेहमीचं उत्तर असं, की देवाचे हेतू आपल्या आवाक्यातले नाहीत, आपल्याला कारण दिसत नाही म्हणजे ते नाहीच असं नव्हे. तर्क म्हणून यात चूक नाही. पण याची किंमत मोजावी लागते, आणि ती फार कमी लोक मोजतात. पाडसाच्या मरणातला देवाचा हेतू आपल्याला वाचता येत नसेल, तर सूर्यास्तातला तरी कसा वाचता येईल? दुःखाच्या वेळी 'त्याची लीला अगाध' आणि सौंदर्य दिसलं की 'पाहा त्याची योजना', असं दोन्ही तोंडांनी बोलता येणार नाही. कर्मसिद्धांत हे तिसरं उत्तर. ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरचा पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप त्याच वाटेने परतवला आहे. हिशेब त्यात जुळतो. पण भाजणाऱ्या पाडसाला 'तुझ्याच कर्माचं फळ' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, हेही सांगतो.

मग पुरावा नसेल तर मानायचं की नाही? 1877 मध्ये विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुनं झालं आहे, त्याला शंका येते, पण 'आजवर बुडालं नाही, आताही नाही बुडणार' अशी मनाची समजूत घालून तो ते प्रवाशांसकट सोडतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याची श्रद्धा प्रामाणिक होती, तरी तो दोषी आहे, कारण तशी श्रद्धा बाळगण्याचा त्याला हक्कच नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचलं असतं तरीही तो तितकाच दोषी. 1896 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने दुसरी बाजू घेतली. काही प्रश्न पुराव्याने सुटत नाहीत आणि टाळताही येत नाहीत. समोरच्या माणसाचा स्नेह सिद्ध होईपर्यंत मी त्याच्याशी तुटक वागेन म्हटलं, तर तो स्नेह कधी जन्मालाच येणार नाही. तिथे विश्वास आधी आणि पुरावा मागून.

मला वाटतं दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त 'विश्वास' या शब्दाने दोघे दोन वेगळ्या गोष्टींना हात घालतात. जहाज भक्कम आहे की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. तिथे श्रद्धा म्हणजे निष्काळजीपणा. स्नेह म्हणजे स्वतःला गुंतवणं. मराठीत आपण सहसा 'देव आहे असं तुला वाटतं का?' असं विचारत नाही. 'तू देव मानतोस का?' असं विचारतो. या 'मानणे'त 'आहे असं समजणे' आहे आणि 'मान देणे'ही आहे. संस्कृतातल्या 'श्रद्धा' शब्दाची व्युत्पत्ती हृदय ठेवणे अशी सांगतात, आणि 'मी मानतो' या अर्थाचा लॅटिन शब्द 'क्रेदो' त्याच मुळातून आल्याचं भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. हृदय ठेवण्याच्या कृतीला पुरावा पुरत नाही. पण कुठे ठेवतो आहोत ते पाहायला डोळे लागतातच, नाही तर जहाजमालकाचं झालं तेच व्हायचं. देव मानणाऱ्याला हे दोन्ही एकदम करावं लागतं, कारण तो एक दावाही करतो आणि स्वतःला गुंतवतोही.

फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कालला हा फरक अंगावर आला होता. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्याला काहीतरी विलक्षण अनुभव आला. त्याने तो कागदावर टिपून ठेवला: अब्राहमचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो कागद 1662 मध्ये तो गेल्यावर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला सापडला. हाच पास्काल देवावर पैज लावणं कसं फायद्याचं, याचा गणिती हिशेब मांडणारा. दोन्ही एकाच माणसात नांदत होते.

उदयनाचार्याकडे परत येतो. ईश्वराच्या सिद्धीसाठी एवढा खटाटोप करणाऱ्या या माणसाने ग्रंथाच्या सुरुवातीलाच सांगितलंय, की ही न्यायचर्चा म्हणजे ईश्वराचं मनन आहे आणि ती उपासनाच आहे. आधी श्रवण, मग मनन. म्हणजे पुरावा मिळाला तर पूजा करू, असा त्याचा करार नव्हता. तर्क करत बसणं हीच त्याची पूजा होती. त्याच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. खरी-खोटी कोण जाणे, पण माणूस बरोबर टिपला आहे. बौद्धांशी वाद जिंकून तो जगन्नाथाच्या दर्शनाला पुरीला गेला, तर मंदिराचं दार बंद. थकलेला पंडित दारापाशी उभा राहून देवाला म्हणाला, "ऐश्वर्याच्या मस्तीत मला ओळख दाखवत नाहीस काय? बौद्ध परत येऊ देत, मग तुझं असणं माझ्याच हातात आहे."